कोर्ट मार्शल लागलं म्हणजे दोषी ठरला का?

नमस्कार मंडळी! आपल्या पुण्यात सदर्न कमांडचं हेडक्वार्टर, खडकवासल्याला एनडीए, वानवडीला एएफएमसी, सोसायटीत एखादे रिटायर्ड कर्नल काका असतातच. पण कुठल्या फौजीवर केस झाली की व्हॉट्सॲपवर लगेच दोन पार्ट्या. एक म्हणते वर्दीतला माणूस असं करूच शकत नाही, दुसरी म्हणते आर्मीनेच धरलाय म्हणजे केलं असणारच. दोघंही चहा संपायच्या आत निकाल लावून मोकळे!

कायदा काय म्हणतो बघा. आर्मी ॲक्ट 1950, कलम 133. कोर्ट मार्शलमध्येसुद्धा, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या कोर्टातसुद्धा, पुराव्याचा तोच कायदा जो तुम्हाआम्हाला लागतो, म्हणजे गुन्हा सिद्ध करायचं काम आरोप करणाऱ्याचं, जवानाचं नाही. जनरल कोर्ट मार्शलला, म्हणजे त्यातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाला, कमीत कमी 5 अधिकारी बसतात आणि मतं समसमान पडली तर निकाल आरोपीच्या बाजूने, असं कलम 132 मध्ये चक्क लिहिलंय.

आणि ते 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' बातमीत आलं की लोकांना वाटतं झाली शिक्षा, अहो ती नुसती चौकशी असते! खोट्या साक्षीचा खटला सोडला तर तिथली जबानी पुढे कोर्ट मार्शलमध्ये पुरावा म्हणून चालतसुद्धा नाही.

साध्या कोर्टातली केस बघायची तर तेव्हाचे लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांची बघा. मालेगाव स्फोट, 2008 ला अटक, 2017 ला सुप्रीम कोर्टातून जामीन, आणि 31 जुलै 2025 ला विशेष एनआयए कोर्टाने सातही आरोपींना सोडलं. त्या स्फोटात 6 माणसं गेली, त्यांच्या घरचे हायकोर्टात गेलेत, तोही त्यांचा हक्कच आहे. पण मधली जवळपास 17 वर्षं लोकांनी पुरोहितांना एकतर हिरो केलं नाहीतर दहशतवादी, नुसतं 'आरोपी' म्हणणारे फार थोडे.

आता मला खरंच खटकणारी गोष्ट. समरी कोर्ट मार्शल. हे अधिकाऱ्यांना आणि जेसीओंना (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे सुभेदार वगैरे) लागत नाही, फक्त खालच्या रँकच्या जवानांना लागतं, आणि यात कोर्ट म्हणजे एकटा कमांडिंग ऑफिसर (सीओ), म्हणजे त्याच्या युनिटचा प्रमुख. आधी आरोप ऐकून घेणारा तोच, मग न्यायाधीशही तोच, म्हणजे बोलरनेच अपील करायचं आणि बोट पण त्यानेच वर करायचं! सोबत दोन जण बसतात पण त्यांना मत नाही. जवानाला वकील आणता येतो, पण त्याने कानात सांगायचं, साक्षीदाराला प्रश्न विचारायचे नाहीत आणि कोर्टाशी बोलायचं पण नाही. आणि इथे नोकरी जाऊ शकते, सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कागदावर निर्दोष मानतात हो, पण त्या खोलीत उभं राहून ते वाटत असेल का?

समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा 3 महिन्यांच्या वर कैद झाली तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलकडे, म्हणजे सैन्यदलांच्या प्रकरणांसाठीच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आपल्याला जवळचं बेंच मुंबईचं. त्याहून कमी शिक्षा असेल तर हायकोर्टात रिट याचिका. आता शिपायाच्या पगारात वकिलाची फी भरून तिथपर्यंत किती जण जात असतील, तुम्हीच सांगा.