तळणीचं तेल: गाळणीत न अडकणारं

गॅस नुकताच बंद झालाय. कढईतलं तेल वरून सोनेरी दिसतं. झाऱ्याने हळूच ढवळा, की तळाचे करपलेले कण वर येतात. तेल बिघडतं ते इथून. हे कण राहिले तर पुढच्या तळणीत पुन्हा जळतात, कडवटपणा सोडतात, तेल काळं पाडतात. म्हणून गाळायचं काम उद्यावर नको.

गरम तेलाला मात्र हात लावू नका. तळताना ते 160 ते 190 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असतं. आणि पार गार झालं की दाट होतं, कापडातून उतरता उतरत नाही. कोमट असतानाच ते सरसर गळतं.

बारीक गाळणीवर सुती कापडाचे दोन पदर. खालचं भांडं खडखडीत कोरडं. धार सावकाश सोडा, आणि तळचं गढूळ तेल कढईतच राहू द्या. तेवढ्याचा मोह नको. कापड पिळूही नका. पिळलं, की अडकलेला बारीक गाळ पुन्हा खाली. आता कापड उलगडून पाहा: ओल्या राखेसारखा काळा, चिकट थर.

खाली जमलेलं तेल स्वच्छ दिसतंय. पण ते नवं झालेलं नाही, आणि नेमकं हेच आपण विसरतो. तळताना पदार्थातलं पाणी तेलाचे रेणू फोडतं, त्यातून मोकळी आम्लं सुटतात. हवेतल्या ऑक्सिजनने तेल खवट होतं. उष्णतेने रेणू एकमेकांना जोडले जातात, तेल जड होतं. हे सगळं तेलात विरघळलेलं असतं. कितीही तलम कापड घ्या, ते आरपार जातं. उपाहारगृहांच्या तेलात अशा बिघडलेल्या घटकांचं प्रमाण साधारण 25 टक्क्यांवर गेलं, की अनेक देशांत ते वापरायला कायद्याने मनाई आहे.

घरी ते मोजणार कसं? रंगावर विसंबू नका. मसाल्यानेही तेल लाल होतं. धूर पाहा. पूर्वीपेक्षा लवकर, कमी आचेवर धूर येऊ लागला, की तेल थकलं. वर बारीक फेस धरून बसला, कढईच्या काठाला गोंदासारखा पिवळा थर आला, वास खवट आला, तर यातलं एकही लक्षण पुरेसं आहे. तेव्हा जीव तुटतो, पण ते तेल पोटात जायला नको.

चांगलं असेल तर अरुंद तोंडाच्या, गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. बाटली शेगडीपासून लांब, अंधारात ठेवा. तांब्या-पितळेचं भांडं नकोच. तांब्यामुळे तेल फार लवकर खवट होतं. आणि पुढची तळणी लवकर काढा, कारण बाटलीतही तेलाचं खवट होणं थांबत नाही.

टाकायचं तेल मोरीत ओतू नका, नळीत थिजून बसतं. गार करून बाटलीत साठवा. वापरलेलं तेल गोळा करणारं कुणी असेल तर त्यांना द्या, त्यापासून बायोडिझेल होतं.