विरळ हवेतले रक्त

दादरच्या दुकानातून घेतलेले चिवड्याचे बंद पाकीट लेहला उतरल्यावर पिशवीतून बाहेर काढले, तर ते टम्म फुगलेले दिसते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या या गावात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असले, तरी दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत पोहोचणारा ऑक्सिजन कमी होतो.

मानेतील धमन्यांजवळच्या चिमुकल्या संवेदक पेशींना ही तूट काही क्षणांतच कळते आणि श्वास वाढतो. पण भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते आणि मेंदू श्वासाला उलट आवर घालू लागतो. त्यामुळे पहिल्या रात्री झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि माणूस दचकून जागा होतो. मूत्रपिंडे लघवीवाटे बायकार्बोनेट हा आम्लता कमी करणारा क्षार बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्याला काही दिवस लागतात. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे आहे. तेव्हा सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकणाऱ्या धडधाकट गिर्यारोहकालाही लेहच्या पहिल्या मुक्कामात डोके धरून बसावे लागू शकते, कारण दमसास वेगळा आणि उंचीची सवय वेगळी.

रक्तातला बदल याहून सावकाश होतो. ऑक्सिजन कमी पडताच मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त स्रवू लागते. मात्र त्याच्या सांगण्यावरून अस्थिमज्जेने पुरेशा तांबड्या पेशी घडवायला काही आठवडे जातात. पेशींना ऑक्सिजनची घट कळते कशी, याचा उलगडा केल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तांबड्या पेशी वाढल्या की प्रश्न मिटला, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात हा उपाय तात्पुरताच म्हणायला हवा. पेशी फार वाढल्या की रक्त दाट होते आणि ते ढकलताना हृदयाची दमछाक होते. पेरूमधील ला रिंकोनाडा ही खाणकामगारांची वस्ती ५,१०० मीटरच्या आसपास आहे. अँडीज पर्वतातील अशा उंच वस्त्यांत काहींना वर्षानुवर्षांच्या वास्तव्यानंतर याच दाट रक्तामुळे डोकेदुखी, धाप आणि निळसर ओठ असा जुनाट विकार जडतो.

तिबेटी लोकांच्या शरीराने मात्र निराळी वाट धरली. तेवढ्याच उंचीवर राहूनही त्यांचे हिमोग्लोबिन फारसे चढत नाही. ते श्वास अधिक घेतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या अधिक रुंदावलेल्या राहतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचा संबंध ‘ईपीएएस१’ या जनुकाच्या विशिष्ट रूपाशी जुळला आणि २०१४ मध्ये त्याचा उगमही लागला: डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाशी झालेल्या प्राचीन संकरातून ते तिबेटींच्या पूर्वजांकडे आले होते.