भिंतीवरचे दहा आकडे

[पहाट. प्रसूती वॉर्ड. खाटांच्या डोक्याशी भिंतीवर रंगवलेले आकडे.]

भिंतीवरचे आकडे दहापर्यंत जातात. रुग्णालय तीस खाटांचं, त्यातल्या दहा बाळंतिणींसाठी. आज इथे बाळंतिणी आहेत चौदा.

[रजिस्टर, जवळून.]

सिस्टरांच्या रजिस्टरात ‘खाट क्रमांक’ असा रकाना आहे. दहानंतर त्यात लिहिलंय: फ्लोअर १, फ्लोअर २, फ्लोअर ३, फ्लोअर ४. अक्षर सुबक, निळ्या शाईतलं.

तीस खाटा ठरल्या त्या लोकसंख्येवरून. मैदानी भागात १,२०,००० लोकांमागे आणि डोंगरी, आदिवासी भागात ८०,००० लोकांमागे असं एक रुग्णालय, हा केंद्राचा निकष. पण लोक तेवढेच राहिले तरी दवाखान्यात येणाऱ्या बाया वाढतात. २००५ साली दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की २००५-०६ मध्ये देशातली ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. आशाताईंनी उंबरे झिजवून बायकांना इथवर आणलं. त्या आल्या, पण खाटा होत्या तेवढ्याच राहिल्या.

[फळा. खडूने मांडलेला हिशेब.]

हिशेब अवघड नाही. महिन्याला शंभर, म्हणजे वर्षाला १,२०० बाळंतपणं. साधं बाळंतपण असेल तर बाईला ४८ तास तरी ठेवायचं, सिझेरियन असेल तर आठवडाभर. पाचात एक सिझेरियन धरलं, तर सरासरी मुक्काम तीन दिवस. झाले ३,६०० खाट-दिवस. भागिले ३६५. उत्तर दहा.

पण बाळंतपणं रांग लावून येत नाहीत. एका रात्री सहा, दुसऱ्या रात्री एकही नाही. म्हणून नियोजनात चारातली एक खाट मोकळी धरतात. तसं धरलं की लागतात चौदा खाटा. सिस्टरांच्या रजिस्टरात जेवढ्या बाया आहेत, तेवढ्याच.

[आवारातली नवी इमारत. रंग ताजा, दाराला कुलूप.]

या चौदा खाटा मंजूर झाल्या, बांधूनही झाल्या. त्यांची वाट अशी. रुग्णालयाचा प्रस्ताव जिल्ह्याला गेला, जिल्ह्याचा राज्याच्या वार्षिक आराखड्यात. त्याला सगळे पीआयपी म्हणतात. आराखडा दिल्लीत छाननीला गेला. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पैशात ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. निधी मंजूर झाल्यावर जागेची कागदपत्रं, नकाशा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा. प्रत्येक टप्प्यावर सही, आणि प्रत्येक सहीआधी एखादी त्रुटी.

[आतून: प्रसूती टेबलं, ऑपरेशन थिएटरचा दिवा. प्लास्टिक अजून काढलेलं नाही.]

माणसांची फाइल मात्र वेगळी असते. नवी नियमित पदं हवी असतील तर सुधारित आकृतीबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, लागतो. तो आरोग्य विभागाकडून वित्त विभागाकडे आणि पुढे उच्चस्तरीय सचिव समितीसमोर जातो. बांधकामाची फाइल त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून भिंती आधी उभ्या राहतात, आणि परिचारिका, भूलतज्ज्ञ, कक्षसेवक कागदावरही नसतात. हेच उलटायला हवं. खाटा मोजायच्या त्या बाळंतपणांवरून, आणि खाटांना मंजुरी द्यायची ती पदांसकट. एकाच प्रस्तावात, एकाच बैठकीत. कुलूप लावलेल्या इमारतीवरचा खर्च हाही जनतेचाच पैसा आहे.

भूलतज्ज्ञ नाही, म्हणून रात्रीची सिझेरियन १०८ मधून जिल्ह्याला जातात.

[रुग्णवाहिका. फाटकाबाहेर वळणारे दिवे. काही वेळ निवेदन नाही.]

[कार्यालय. टेबलावर लाल फितीची फाइल.]

पदांचा प्रस्ताव या महिन्यात पुन्हा गेला. या वेळी पहिल्या पानावर लोकसंख्या नाही. गेल्या बारा महिन्यांतल्या बाळंतपणांचा तक्ता आहे, आणि त्यामागे सिस्टरांच्या रजिस्टराच्या झेरॉक्स, फ्लोअर १ पासून.