दोन ठोक्यांच्या मधे

नमस्कार, श्रोतेहो. ऐकता ऐकता एवढं करा. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा आणि हलकेच दाबा. लागली नाडी? ठोका सगळेच मोजतात. मला बोलायचंय ते दोन ठोक्यांच्या मधल्या त्या शांत क्षणाबद्दल.

मिनिटाला 75 ठोके धरले, तर एका ठोक्याच्या वाट्याला 0.8 सेकंद येतो. त्यात हृदयाचे खालचे कप्पे साधारण 0.3 सेकंदच आवळलेले असतात. उरलेला अर्धा सेकंद ते सैल असतात, रक्ताने भरत असतात. हृदय जन्मभर अखंड राबतं असं आपण म्हणतो. खरं तर ते राबतं कमी आणि विसावतं जास्त!

मग विसाव्यात रक्त थांबत का नाही? श्रेय महाधमनीचं. डावा कप्पा एका दमात सुमारे 70 मिलिलिटर रक्त तिच्यात लोटतो, तेव्हा ती फुगते. लगेच मागची झडप मिटते, छातीला नळी लावली की ऐकू येणाऱ्या ‘लब-डब’मधला तो ‘डब’. परतीची वाट बंद झालेली, आणि ताणलेल्या भिंती पुन्हा आक्रसू लागतात. रक्ताला पुढेच जावं लागतं. 120/80 मधला तो 80 म्हणजे हृदय सैल असतानाही धमन्यांनी राखलेला दाब. वय वाढतं तशा या भिंती ताठर होतात. म्हणून पुष्कळ वृद्धांचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो.

आता मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं कधी? त्याच्या धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटतात आणि स्नायूत शिरतात. डावा कप्पा आवळला की त्याच्या भिंतीतल्या वाहिन्या त्याच्याच पकडीत चिरडल्या जातात. पकड सुटली की मगच त्यांतून रक्त मोकळं वाहतं. डाव्या कप्प्याचं बहुतेक पोषण असं विसाव्यातच होतं.

नाडी 150 वर गेली, तर ठोक्याला उरतो 0.4 सेकंद. आवळण्याचा वेळ थोडाच घटतो. कात्री लागते ती विसाव्याला. निरोगी धमन्या रुंदावून ही तूट भरून काढतात. अरुंद झालेल्या धमन्यांना ते जमत नाही, आणि जिना चढताना छातीत दुखू लागतं. अशा रुग्णाला डॉक्टर अनेकदा नाडी मंद करणारी गोळी देतात, ती हृदयाचे कष्ट कमी करण्यासाठी, आणि त्याला हा अर्धा सेकंद परत मिळवून देण्यासाठीही.