स्क्रिप्टने बघावं, दाबू नये

(अमळनेर येथे विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, 'ब्राउझर ऑटोमेशनमध्ये स्क्रिप्ट कशी चालवावी'. म्हणजे प्रोग्रामकडून ब्राउझर चालवून घेताना पानात जावास्क्रिप्टचा तुकडा कसा वापरावा. तो मी घेणार आहे. पण आधी माझ्या मामांची गोष्ट सांगू द्या. ती ऐकल्याशिवाय मी या विषयावर इतका पोटतिडकीने का बोलतो ते कळायचं नाही.

मामा तापीपलीकडचे, चोपडा तालुक्यातले. मृगबाग, म्हणजे मृगात लावायची केळी, लावतात. त्या वर्षी ३००० खोडं होती. केळी विकत घेणाऱ्या एका कंपनीने कापणीची नोंदणी मोबाइलवरून सुरू केली होती. घड किती, माल कधी तयार होतो, एवढं भरायचं आणि 'पुढे' दाबायचं, की गाडीचा दिवस ठरतो. हा फॉर्म तपासण्याचं काम पुण्यात आमच्या टीमकडे होतं. चाचण्या मी लिहिल्या होत्या.

एका सकाळी मामांचा फोन. ते घरात अहिराणीच बोलतात. म्हणाले, "भाचा, बटन दबस नही." मी म्हटलं, मामा, नेट गेलं असेल, थोड्या वेळाने बघा. संध्याकाळी परत तेच, "दबसच नही." मी माझ्या चाचण्या उघडून पाहिल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मी त्यांना म्हटलं, मामा, इकडे चालतंय, तुमच्या फोनचं काहीतरी असेल. माझ्या मामांना मी असं सांगितलं. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की जीव खालीवर होतो.

चार दिवसांनी गावातल्या एका पोराने त्याच्या मोठ्या फोनवरून नोंदणी करून दिली. तोवर गाड्या दुसऱ्या शिवारात लागल्या होत्या. गाडी आली तेव्हा काही घड झाडावरच पिवळे पडायला लागले होते. केळीवाल्यांना पुढचं सांगायला नको. पिवळा माल दूरच्या बाजाराला जात नाही आणि भाव पडतो. इथे समोर तीन-चार जण मान हलवताहेत, त्यांच्या घरी बाग असणार.

शनिवारी गावी गेलो आणि मामांचा फोन हातात घेतला. लहान स्क्रीन. खाली पिवळी पट्टी होती, 'अटी वाचा' म्हणणारी. ती बरोबर 'पुढे' या बटनावर बसली होती. बटनाची वरची कडा तेवढी दिसत होती. मामा अंगठ्याने दाबायचे आणि दाब पट्टीवर पडायचा.

आता तुम्ही विचाराल, चाचणी लहान स्क्रीनवर चालवली नव्हती का? चालवली होती! पहिल्याच दिवशी ती लाल झाली होती. सेलेनियमने, म्हणजे आमच्यासाठी ब्राउझर चालवणाऱ्या टूलने, स्वच्छ सांगितलं होतं, 'एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड', म्हणजे क्लिक मधेच अडला. क्रोमच्या त्या संदेशात तर पानावरचा कोणता घटक आड आला तेही लिहिलेलं असतं. पट्टीचं नाव माझ्यासमोर होतं. रिलीज दुसऱ्या दिवशी होतं. मी एक ओळ टाकली, ड्रायव्हर डॉट एक्झिक्यूट स्क्रिप्ट, आत 'आर्ग्युमेंट्स, चौकटी कंसात शून्य, डॉट क्लिक'. चाचणी हिरवी झाली.

ही ओळ तुम्हालाही कोणीतरी शिकवणार आहे. क्लिक होत नाही? स्क्रिप्टने कर. म्हणून तिथे आत काय होतं ते समजून घ्या. वेबड्रायव्हरचा, म्हणजे सेलेनियमच्या ब्राउझर चालवणाऱ्या भागाचा, साधा क्लिक आधी घटक नजरेच्या टप्प्यात आणतो. मग त्याच्या दिसणाऱ्या भागाचा मध्यबिंदू काढतो आणि त्या बिंदूवर दुसरंच काही आहे का ते पाहतो. असेल तर तो थांबतो आणि चूक दाखवतो. स्क्रिप्टमधला क्लिक यातलं काहीच करत नाही. तो पानाच्या आतून थेट बटनालाच सांगतो, 'तू दाबलं गेलंस.' वर पट्टी असो, बटन स्क्रीनबाहेर असो, त्याला फरक पडत नाही. ब्राउझरही हे ओळखतो. माणसाच्या क्लिकवर 'इजट्रस्टेड' हे चिन्ह खरं असतं, स्क्रिप्टच्या क्लिकवर खोटं.

आणि इतिहास बघा. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्सने सेलेनियम सुरू केलं, तेव्हा ते सगळं पानात घातलेलं जावास्क्रिप्टच होतं. (नावाची गंमत अशी की पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम उतारा मानतात आणि तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव मर्क्युरी, म्हणजे पारा, होतं.) पण पानात राहून माणसासारखं वागता येत नाही. सायमन स्ट्युअर्टने वेबड्रायव्हर लिहिला तो ब्राउझर बाहेरून चालवण्यासाठी. दोन्ही एकत्र होऊन २०११ मध्ये सेलेनियम २ आलं. जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत मानक झालं. पानाच्या आतून बाहेर यायला लोकांनी इतकी वर्षं घातली आणि आपण एका ओळीत परत आत जाऊन बसतो.

सर घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं उरलीत, तेव्हा फळ्यावरचा विषय भराभर घेतो.

स्क्रिप्ट विचारायला वापरा. पान पूर्ण लोड झालं का, ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये काय साठलंय, या बिंदूवर सगळ्यात वर कोणता घटक आहे. हा शेवटचा प्रश्न 'एलिमेंट फ्रॉम पॉइंट'ने विचारता येतो. मी तो पहिल्या दिवशी विचारला असता तर उत्तर पट्टी हेच आलं असतं.

तुम्ही देता ती स्क्रिप्ट एका फंक्शनचं अंग म्हणून चालते. त्यामुळे 'रिटर्न' लिहिलं नाही तर पायथॉनमध्ये हातात 'नन', म्हणजे काहीच नाही, येतं. नवशिके तासन्तास इथेच अडकतात. आकडे, मजकूर, याद्या आणि घटक आत पाठवता येतात, पायथॉनचं फंक्शन पाठवता येत नाही. परत मिळालेला घटक हा निव्वळ पत्ता असतो. पान पुन्हा लोड झालं की तो पत्ता बाद होतो आणि 'स्टेल एलिमेंट' ही चूक येते. तेव्हा घटक नव्याने शोधायचा.

सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहायची असेल तर एक्झिक्यूट एसिंक स्क्रिप्ट वापरा. तिथे शेवटचं आर्ग्युमेंट म्हणजे टूलने दिलेलं कॉलबॅक, 'काम झालं' असं कळवणारं फंक्शन. काम झालं की ते तुम्हीच बोलवायचं. विसरलात तर मानकाप्रमाणे ३० सेकंदांनी स्क्रिप्ट टाइमआउट. वेळ वाढवता येते, पण आधी कॉलबॅक तपासा.

प्लेराइट या दुसऱ्या टूलमध्ये हेच काम 'इव्हॅल्युएट' करतं. तिथला साधा क्लिकही आधी तपासतो की बटनावर दुसरं काही आलंय का. पण 'फोर्स' नावाचा पर्याय आहे, तो दिला की ही तपासणी वगळली जाते. माझ्या टीममध्ये 'फोर्स' किंवा स्क्रिप्ट-क्लिक लिहिणाऱ्याने शेजारी कारण लिहावं लागतं, आणि ते दुसऱ्या कोणीतरी वाचल्याशिवाय कोड पुढे जात नाही.

बाकीचं राहिलं, वेळ संपला. त्या पिवळ्या पट्टीचं पान मी मुद्दाम बनवून आणलंय. लॅपटॉप इथेच टेबलावर आहे आणि शेजारी मामांचा जुना फोनही ठेवलाय. आधी अंगठ्याने दाबून बघा, मग दोन्ही क्लिक चालवा. या पुढे.