तीन जणांच्या टीमला किती अजाईल लागतं?

राम राम मंडळी! जळगाव-धुळ्यात तीन-चार पोरांच्या सॉफ्टवेअर टीम दिसतात. त्यातला एखादा पुण्याच्या कंपनीत राहून आलेला असतो, आणि तिथलं अजाईल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवून, दाखवून सुधारत जायची पद्धत, जसंच्या तसं इथे येतं. सकाळी स्टँडअप (उभ्याउभ्या छोटी मीटिंग), दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरलेले टप्पे), स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा). अरे भो, तुम्ही तिघं एकाच टेबलावर बसता! काल काय केलं ते उभं राहून कुणाला सांगताय?

2001 साली अमेरिकेतल्या युटामध्ये 17 जणांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्यातलाच एक अ‍ॅलिस्टर कोबर्न. त्याची क्रिस्टल पद्धत आधी दोन गोष्टी विचारते. माणसं किती? आणि सॉफ्टवेअर चुकलं तर काय जाईल: नुसती गैरसोय, थोडे पैसे, धंदा बुडेल एवढे पैसे, की कुणाचा जीव? हे जितकं वाढेल तितकी शिस्त आणि लिखापढी वाढवायची.

आता रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं अ‍ॅप घ्या. वजन, भाव, वजावट टाकली की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, निघते. स्क्रम, म्हणजे स्प्रिंटवालं अजाईल, म्हणतं, स्प्रिंट संपला की रिव्ह्यू घ्या, झालेलं काम दाखवा. कटाई चालू असताना हा गडी फोन उचलत नाही, डेमोला कुठून येणार? तुम्हीच बांधावर जा. ट्रक भरत असताना मोबाईल त्याच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. उन्हात स्क्रीन दिसत नाही, चिकाने माखलेल्या बोटाला बारीक बटण सापडत नाही, आणि तुम्ही वजन आधी मागताय, त्याला भाव आधी टाकायचाय. हे मीटिंगमध्ये कधीच कळलं नसतं. संध्याकाळी दुरुस्त करा, सकाळी परत जा. इथे स्प्रिंट कशाला? कानबान नावाच्या दुसऱ्या पद्धतीसारखी मर्यादा घाला: एका वेळी दोनच कामं हातात, त्यातलं एक संपेपर्यंत तिसऱ्याला हात लावायचा नाही.

पण पट्टीचा हिशोब करणाऱ्या कोडला ऑटोमेटेड टेस्ट, म्हणजे आपोआप चालणारी चाचणी, हवीच. क्विंटल, किलो, वजावट, पैशांचं राउंडिंग, सगळं. बटण चुकलं तर व्यापारी चिडेल; पट्टी चुकली तर शेतकरी त्याच्या दारात उभा राहील. एकाच अ‍ॅपमध्ये स्क्रीनला मोकळीक, हिशोबाला नाही.

उद्या याच तिघांना हॉस्पिटलसाठी औषधाचे डोस काढणारं सॉफ्टवेअर मिळालं, तर बांधावरची पद्धत तिथे नेऊ नका. गरजा लेखी हव्यात, प्रत्येक बदल दुसऱ्याने तपासायला हवा, कुठल्या बदलाची काय चाचणी झाली याची नोंद हवी. माणसं तीनच, पण पणाला जीव लागलाय.

आणि स्टँडअप? तिघांतला एक नंदुरबारला घरून काम करायला लागला की सुरू करा. फोनवर, पंधरा मिनिटं.