तीनाच्या जागी तीस

(दृश्य: ठाणे, नौपाडा. संध्याकाळ. खिडकीखाली राम मारुती रोडची वर्दळ. आत, पातेल्यातल्या कोमट पाण्यात बुडवलेली बोटं.)

निवेदन:
खेळायला बसण्याआधी मामाची ही रोजची तयारी. दहा मिनिटं कोमट पाणी, पंचाला हात पुसायचे, मांडीवर उशी आणि उशीवर कंट्रोलर. संधिवातामुळे उजवी तर्जनी आता पुरती मिटत नाही.

शाळेत असताना याच बोटांनी त्याने कॉन्ट्रा हा व्हिडिओ गेम संपवला होता. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. या क्रमाने बटणं दाबली, की तीनाच्या जागी तीस लाइफ! गेम सोपा करून खेळणं म्हणजे फसवणूक, असं काहीजण म्हणतात. तेव्हा आळीत कुणालाही हे पाप वाटलं नाही.

हा कोड मूळचा १९८६च्या ग्रेडियस या गेममधला. काझुहिसा हाशिमोतो त्या गेमची घरी खेळायची आवृत्ती तयार करत होते. तपासायला बसले, तर गेम त्यांनाच झेपेना. म्हणून आपल्यापुरती एक सोय करून ठेवली आणि ती काढायची राहून गेली.

(दृश्य: टीव्हीवर सेलेस्ट. लाल केसांची मुलगी भिंतीला लटकलेली.)

आता मामा सेलेस्ट खेळतो. २०१८चा गेम. मॅडलिन डोंगर चढते. भिंत पकडायची तर ट्रिगर, म्हणजे कंट्रोलरवरचं तर्जनीचं बटण, दाबून धरायचा. पहिला आठवडा मामा त्या ट्रिगरपाशीच अडला, डोंगर लांबच राहिला.

मग सेटिंगमध्ये पकड बदलली. एकदा दाबलं की धरलं, पुन्हा दाबलं की सुटलं. असिस्ट मोडमधून, म्हणजे गेम सोपा करायच्या सोयीतून, वेग ८० टक्क्यांवर आणला. तो ५०पर्यंत उतरतो. मरणच येणार नाही अशीही सोय आहे, ती मामाने बंद ठेवली. "मग खेळायचं कशाला?" म्हणाला.

गंमत म्हणजे, पहिल्यांदा खेळताना असिस्ट मोड नकोच, असं सुरुवातीला हा गेमच सुचवायचा. खेळणाऱ्यांनी नाराजी कळवल्यावर २०१९मध्ये तो मजकूर बदलला.

त्याच वर्षी सेकिरो हा गेम आला. त्यात सोपं-अवघड निवडायची सोयच नाही आणि गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम तोच ठरला. घाट सगळ्यांना एकच, हा त्यामागचा हट्ट. मी सेकिरो खेळलोय, त्या हट्टाची मजा मला कळते. पण घाट एकच म्हणताना गुडघे कुणाचे धरलेत, एवढं विचारावंसं वाटतं. शेवटच्या उडीला मामाचा चेहरा बघा. ८० टक्के वेगात आहे, हे तुम्हाला ओळखता आलं?

(दृश्य: गेममधल्या वहीचं पान. कवटीच्या चित्राखाली आकडे.)

तिसरा टप्पा, हॉटेलचा, काल संपला. चारशे बारा वेळा मरून. मामा मोबाइल घेऊन टीव्हीजवळ जातो, आकड्याचा फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो.

स्वयंपाकघरातून मामीचा आवाज येतो, "अहो, इतक्यांदा मेलात, आणि फोटो कसला पाठवताय?"